गीताच्या आंदणाची बारा भांडी

बालाघाटात माझ्याबद्दल लोक बोलतात, फकिराच्या तोंडचं ऐकू नये आणि फकिराच्या पेनचं खोडू नये. पहिली गोष्ट मी स्वतः पसरवली. दुसरी आपोआप खरी झाली.

पेन म्हणजे विजेचं. भांड्यांवर नावं टाकायचा माझा धंदा. हनुमान चौकाच्या अलीकडे भांड्यांची दुकानं आहेत, त्यातल्या दोन दुकानांच्या मधल्या बोळात माझं टेबल. लग्नाचं आंदण, बारशाची वाटी, विहारातला भाताचा मोठा गंज, सगळ्यांवर माझं अक्षर आहे. एकदा तर वैनगंगेतल्या कासवाच्या पाठीवर मी 'सप्रेम भेट' लिहून त्याला सोडून दिलं. ते वाहत वाहत भंडाऱ्याला गेलं. तिथल्या माणसाने ते उलटं करून पाहिलं, देणाऱ्याचं नाव नाही म्हणून रागावला, आणि कासव पोस्टाने मला परत पाठवलं. पोस्टमन अजून जिवंत आहे, विचारा. मात्र तो बहिरा आहे.

देणाऱ्याचं नाव ही या धंद्यातली मोठी गोष्ट. भांडं हातात घेतलं की मी पहिलं विचारतो, "कोणाकडून? नाव कोणाचं टाकू?" ज्याचं नाव खाली असतं त्याचं ते देणं. आणि एकदा टाकलेलं नाव निघत नाही. घासून काढलं तर तिथे चकचकीत डाग उरतो आणि लोक विचारतात, इथे कोणाचं होतं? फार झालं तर वरून वेल कोरायची, पानंफुलं काढायची. स्वतःचं नाव मी कोणत्याही भांड्यावर टाकलेलं नाही. दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात आपण कशाला जाऊन बसायचं?

आणि मरण. मरण माझ्याकडे भांड्यांच्या पोत्यातून येतं. माणूस गेल्यावर तीन-चार, कधी आठ-दहा दिवसांनी घरातला कोणी एक्कावन्न लोटे किंवा ताटल्या आणून टाकतो, बरोबर चिठ्ठी. 'कै. अमुक यांचे स्मरणार्थ', तारीख, खाली मुलाचं नाव. तेरवीला ती भांडी पाहुण्यांना वाटतात. माणूस गेला हे मला बहुतेक वेळा त्या चिठ्ठीवरूनच कळतं. रडून झालेलं असतं, राख नदीत गेलेली असते, आणि मला ती बातमी ताजी वाटते. हे लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

चैतराम लांजेवार माझा दोस्त. तरुणपणी तो परसवाड्याकडच्या एका मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होता. तिथला परदेशी पाद्री डॉक्टर म्हातारा होता, बोलायला कोणी नव्हतं, म्हणून तो गोळ्या मोजता मोजता चैतरामला लॅटिन शिकवायचा. पाद्री मेला, दवाखाना बंद पडला, चैतराम बालाघाटला औषधाच्या दुकानात लागला. लॅटिन त्याच्याजवळ राहिलं. अख्ख्या जिल्ह्यात ते कोणाच्या कामाचं नव्हतं, तरी तो ते रोज थोडं उन्हात वाळवायचा, सांडग्यासारखं.

संध्याकाळी दुकान सुटलं की तो माझ्या टेबलासमोर येऊन बसे. मी चहा मागवी. आपण ज्याच्या घरचं पाणी पितो तो कोण, कुठल्या वॉर्डातला, असलं काही त्याने मला तीस वर्षांत विचारलं नाही. मी बौद्ध, तो कुणबी. एकाच गिलासातला चहा बशीत ओतून अर्धा अर्धा प्यायचो.

एके दिवशी मी एका परातीवर नाव टाकत होतो. तो म्हणाला, "फकिरा, रोमच्या लोकाइची भाषा व्हती ना, त्यात भांड्याले काय म्हणत माहीत हाय का? वास."

"कायचा वास?"

"हास बे, हास. वास म्हणजे भांडं. नाम हाय. लिंग सांग बरं?"

"भांड्याले लिंग? मी रोज पाहातो, मले तं नाही दिसलं."

"आपल्यात कसं म्हणतो आपण? ते भांडं. ना तो ना ती. त्याइच्यातही तेच. नपुंसक." त्याला याचा एवढा आनंद झाला होता, जणू हजारो कोसांवरचा एक पुतण्या सापडला. "हे नाम नपुंसक असलं का त्याची प्रथमा आन् द्वितीया एकच. म्हणजे भांड्यानं काही केलं, का भांड्यालेच काही केलं, त्याच्या तोंडावरून समजत नाही. दोन्ही वेळा वासच. भांड्याचं म्हणाचं तं वासिस. भांड्याले, वासी. भांड्यापासून, वासे."

"आन् हाक माराची तं?"

"संबोधन? वास. जसंच्या तसं."

"भांड्याले हाक कोण मारते बे, कंपाउंडर?"

"कोणी नाही मारत," तो म्हणाला. "पण व्याकरणात जागा ठेवा लागते."

त्याने पुढे सांगितलं ते मला तेव्हा चेष्टेचं वाटलं होतं. त्या भाषेत नामांची पाच घराणी. 'वास' एकटं असलं की तिसऱ्या घराण्याच्या चालीने चालतं. पण एकाची दोन भांडी झाली, की ते आपलं घर सोडतं आणि दुसऱ्या घराण्यात जाऊन राहतं. तिथे त्याचं वासा, वासोरुम, वासिस. मी म्हटलं, हे तर लग्न झालेल्या पोरीसारखं झालं. तो म्हणाला, "हौ. तसंच." आणि त्याचे मायबाप? म्हणजे तो शब्द आला कुठून? "पाद्री सांगे, मोठमोठ्या पंडिताइनं धुंडला, पत्ता नाही लागला. जुन्या काळी त्याले वासुम म्हणत, एवढंच सापडलं. त्याच्या मांगं अंधार."

मी लगेच पत्ता लावून दिला. म्हटलं, एक रोमचा शिपाई रस्ता चुकून वैनगंगेवर आला, आमच्या कोण्या आजीकडे त्याने पाणी मागितलं, तिने मडकं पुढे केलं, त्याने वास घेतला आणि... चैतराम इतका हसला की चहा नाकात गेला. मग डोळे पुसत म्हणाला, "शिपायावरून आठवलं. त्याइची फौज तळ हलवे ना, तेव्हा तुतारी वाजे आन् सारे ओरडत: भांडी! भांडी! वासा! म्हणजे आवरा, निंघाचं हाय. त्याइच्या भाषेत भांड्याइची हाक देणं म्हणजे निरोपच."

त्याला एकच मुलगी, गीता. आई लहानपणी गेलेली. चैतरामने तिला पोळ्या लाटायला शिकवल्या आणि पोळ्या लाटता लाटता वास-वासिसही शिकवलं. शाळेत पाढे म्हणतात त्या सुरात ती ते म्हणायची. माझ्या टेबलाशी उभी राहून, वेणी चावत. "फकिराकाका, आता तुम्ही म्हणा!" मी म्हणायचो, "वास, वासिस, वांगे, बटाटे," आणि ती मला पळीने मारायची.

ती बी.एससी. झाली तेव्हा चैतरामने तिचं लग्न त्याच्या जातीत, तुमसरकडे, जुळवलं. आणि माझ्याकडे बारा भांडी आणली. बाराच का? त्या नामाची रूपं बारा म्हणून. सहा एकाची, सहा अनेकांची. पाण्याच्या गुंडावर 'चि. सौ. कां. गीता', खाली 'बाबांकडून', आणि त्याच्याही खाली रोमन लिपीत बारीक अक्षरात पहिलं रूप. झाकणाच्या डब्यावर वासिस, कारण आत जे असतं ते भांड्याचं. पळीवर वासी, कारण पळी देते. झाऱ्यावर वासे, कारण त्यातून गळतं. असं त्याने प्रत्येकाचं ठरवून ठेवलं होतं. शेवटचा एक छोटा पेला होता, त्यावर संबोधन. मी म्हटलं, तुमसरचे लोक समजतील कंपनीचा मार्का आहे. तो म्हणाला, "समजू दे. तिले समजल."

लग्नाला नऊ दिवस असताना गीता राजूबरोबर निघून गेली. राजू आमच्याच वॉर्डातला, बौद्ध, मोटारी दुरुस्त करणारा, शांत पोरगा. दोघांनी नागपूरला लग्न केलं आणि सुरतला गेले.

दुसऱ्या दिवशी चैतराम बोळात आला. बसला नाही. त्याच्यामागे त्याचा पुतण्या खेमराज आणि भावकीतले दोघे उभे होते. ती बारा भांडी अजून माझ्याकडेच होती.

"फकिरा, तिचं नाव खरडून टाक."

"निंघत नाही, तुले माहीत हाय."

"मंग वेल काढ. काहीही काढ. नाव दिसलं नाही पाह्यजे."

मी त्याच्याकडे पाहिलं. मला राग आला होता, तो मी गिळला. माझ्या हातचा चहा चालला, माझ्या वॉर्डातला जावई चालला नाही. मी एवढंच म्हणालो, "राहू दे, करतो." खेमराज आणि भावकीतले दोघे गेले. चैतराम बोळाच्या तोंडाशी, दुकानाच्या पायरीवर पाठ करून बसला. मी भांडी एकेक उचलली आणि आतल्या लोखंडी पेटीत ठेवली. पेन सुरू केलंच नाही. तासाभराने बाहेर येऊन सांगितलं, "झालं. द्राक्षाची वेल काढली. लय झ्याक दिसते."

तो गेला. भांडी न्यायला कधी आला नाही. आठवडाभराने चहाला आला. आम्ही पुन्हा अर्धा अर्धा पिऊ लागलो, पण 'वास' हा शब्द मात्र आमच्यात परत निघाला नाही. अकरा वर्षं.

मागच्या दिवाळीनंतर त्याच्या छातीत दुखायला लागलं. गोंदियाच्या डॉक्टरने फोटो काढून सांगितलं, हृदयाच्या तीन नळ्या बंद आहेत, नागपूरला चला. चैतराम जाईना. "फकिरा, या नळ्याइले डाक्टर लोक काय म्हणतात माहीत हाय? तेच. वासा. आन् मोठ्या नळ्याइले जे बारीक बारीक नळ्या रक्त पुरवतात ना, त्याइचं नाव वासा वासोरुम. भांड्याइची भांडी." अकरा वर्षांनी तो शब्द त्याच्या तोंडून निघाला, आणि तो भिंतीकडे पाहू लागला. मग म्हणाला, "ते बारीक पहिले सुकल्या, तं मोठ्याचं काय राह्यते?"

थोड्या वेळाने त्याने विचारलं, "ते द्राक्षाची वेल कशी दिसते बे?"

"झ्याक."

"लबाडा. मी पायरीवर बसलो व्हतो. तुह्या पेनचा आवाज पानठेल्यापावतर जाते. त्या दिवशी तो वाजलाच नाही." त्याने माझा हात धरला. "वाजला असता तं मी उठून आलो असतो, बंद कर म्हणाले. आलो असतो का? माहीत नाही. तू वाजवलं नाही, म्हणून मले समजलंच नाही." आणि मग, "फकिरा, मले गीता एक वेळ दिसाले पाह्यजे. बस."

हे काम माझं, मी ठरवलं.

माझी नात अपेक्षा कॉलेजात आहे. तिने मोबाइलवर दोन दिवसांत गीताला शोधून काढलं आणि फोन लावून माझ्या हातात दिला. अकरा वर्षांनी आवाज आला, थोडा जाड झालेला, निम्मा हिंदी झालेला.

"बोलिए, काका."

"गीता, बाबाची तब्येत ठीक नाही."

"किसने कहा फोन करने को? उन्होंने?"

"मी करून राह्यलो."

"तुम्ही तर, काका, काहीही सांगता." ती हसली, पण ते हसू लगेच आटलं. "माझं नाव खरडायला सांगितलं ना त्याइनं? सगळ्यांसमोर? मग त्यांच्यासाठी मी गेले. मेलेली पोरगी कशी येणार? असं करा, बाबा जातील तेव्हा सांगा. तोंड पाहाले येईन. त्याच्या आधी नाही." फोन बंद.

दुसऱ्यांदा लावला, तिने तेच सांगितलं. जातील तेव्हा सांगा.

मी आयुष्यभर थापा मारून लोकांचं मनोरंजन केलं. एक थाप कामाला लावावी असं मला वाटलं. ती म्हणते बाप मेला की येईन. ठीक आहे, मारतो. ती धावत येईल, दार उघडेल, समोर बाप खुर्चीत बसलेला. ती मला दोन शिव्या देईल, चैतराम दोन देईल, आणि आम्ही तिघं चहा घेऊ. तोंडी सांगितलं तर ती विश्वास ठेवणार नाही, माझं तोंड साऱ्या गावाला माहीत. पण माझ्या पेनचं कोणी खोटं म्हणत नाही.

जानेवारीच्या पंधरा तारखेला मी एक नवी ताटली घेतली आणि सुबक अक्षरात लिहिलं: 'कै. चैतराम लांजेवार यांचे स्मरणार्थ'. लिहिताना हात थोडा अडला. जिवंत माणसाचं असं कधी लिहिलं नव्हतं. मग तारीख. आणि इथे माझ्या हाताने माझा घात केला. चाळीस वर्षांत मी कोणाच्या मरणाची तारीख आजची लिहिलेली नाही. चिठ्ठीवर जी येते ती जुनी असते. हात आपल्या सवयीने चालला आणि त्याने लिहिलं, पाच जानेवारी. देणाऱ्याच्या जागी काय लिहावं ते सुचलं नाही, ती जागा कोरी ठेवली. ताटली कुरियरने सुरतला पाठवली आणि चैतरामला सांगितलं, "गीता येऊन राह्यली."

"खरंच?"

"पेनचं खरं," मी म्हणालो.

तो रोज दाढी करू लागला. खुर्ची दाराकडे तोंड करून ठेवायला लावली. गोंदियाची गाडी यायच्या वेळेला शर्ट बदलायचा. इ-रिक्षा घरासमोर हळू झाली की मान उचलायचा. मला म्हणाला, ती भांडी आण, घासून ठेव. मी पेटीतली बारा भांडी त्याच्या घरी नेली. त्याने प्रत्येक भांडं मांडीवर घेऊन नाव बोटाने चाचपलं. पेला सगळ्यात शेवटी. तो त्याने पाणी भरून खिडकीत ठेवला, "येईल तेव्हा तहान लागली राह्यल."

एकवीस तारीख गेली, बावीस गेली. मी रोज नवी थाप द्यायचो. रिझर्व्हेशन मिळालं नाही. पोराची परीक्षा आहे. भुसावळला पूल दुरुस्त चाललाय. तो रोज ऐकायचा आणि रोज शर्ट बदलायचा. अपेक्षाने फोन लावला तर लागतच नव्हता, गीताने आमचा नंबर ब्लॉक करून टाकला होता. शेवटी सत्तावीस तारखेला संध्याकाळी अपेक्षाने मैत्रिणीच्या मोबाइलवरून राजूचा नंबर फिरवला. राजूने उचलला.

"जय भीम, राजू. मी फकिराकाका. गीता निंघाली का नाही?"

"कुठं निघणार, काका?" त्याचा आवाज थंड होता. "आता येऊन काय करायचं? तिनं तुम्हाला एकच मागितलं होतं. म्हणाली होती, गेले की सांगा, तोंड पाहीन. आणि तुम्ही तेरवी झाल्यावर थाली पाठवली."



"तेरवी नाही झाली, राजू..."

"थाली तेरवीला वाटतात, हे तिला माहीत नाही का? तारीख पण लिहिलेली होती, पाच. पार्सल मिळालं वीसला. सगळं आटपल्यावर. तिला वाटलं, भावकीनं तुम्हालाही सांगितलं असेल, तिला कळवू नका म्हणून. तीन दिवस जेवली नाही. इथेच, आमच्या खोलीत, केस धुतले, दिवा लावला, बाबांना निरोप दिला."

"राजू, आयक. चैतराम जिता हाय. खुर्चीत बसून हाय. मी खोटं लिहिलं."

 मग तो म्हणाला, "काका, तुमच्या गप्पा साऱ्या बालाघाटला माहीत आहेत. लहानपणी आम्ही हसलो. पण मेलेल्या माणसावर तरी मारू नका." आणि फोन ठेवला.

 तोंडाने खरं बोललो ते खोटं ठरलं, पेनने खोटं लिहिलं ते खरं ठरलं. अपेक्षा म्हणाली, "आजोबा, व्हिडिओ काढू. चैतरामआजोबा बोलताना दाखवू, आजच्या पेपरसोबत. मग मानतील." मी म्हणालो, आत्ताच चल. ती म्हणाली, त्यांना औषध देऊन झोपवलंय, खेमराजदादा दारातून आत सोडणार नाही. सकाळी नऊला जाऊ.

सकाळी नऊला गेलो तेव्हा दारासमोर चपला होत्या. खूप चपला. खेमराज म्हणाला, साडेसातला दाढी केली, शर्ट बदलला, खुर्चीत बसले, आणि तसेच राहिले.

अपेक्षाच्या हातात मोबाइल होता. तिने तो ओढणीखाली लपवला.

तिसऱ्या दिवशी खेमराज एक्कावन्न लोटे घेऊन बोळात आला. चिठ्ठी पुढे ठेवली. मी वाचली. अठ्ठावीस जानेवारी. खाली त्याचं नाव. मी एक्कावन्न वेळा लिहिलं. 

गीता तेरवीच्या दिवशी आली. अपेक्षाने तिरडीचा फोटो राजूला पाठवला होता, त्यात भिंतीवरचं कॅलेंडर आलं होतं, अठ्ठावीस तारखेचं पान. ती घरी जाऊन आली असावी, कारण तिच्या एका हातात खेमराजचा लोटा होता. दुसऱ्या हातात कापडी पिशवी. राजू बोळाच्या तोंडाशी थांबला, तिथेच, पायरीवर. ती एकटी आत आली आणि माझ्यासमोरच्या स्टुलावर बसली. तो स्टूल चैतरामचा.

तिने पिशवीतून ताटली काढली, टेबलावर ठेवली. शेजारी लोटा ठेवला. एकावर पाच, एकावर अठ्ठावीस.

"तेवीस दिवस," ती म्हणाली. "काका, मी बाबांना निरोप दिला, त्यानंतर ते आठ दिवस जिवंत होते. मी मुलाला शाळेत सोडत होते. भाजी आणत होते. ते इथे बसले होते."

मी दोन्ही तारखा पुन्हा वाचल्या.

"वाट पाहत होते का?"

माझ्याजवळ शंभर थापा होत्या. कासवाची होती, रोमच्या शिपायाची होती. तिला त्या वेळी एक दिली असती तर तिने घेतली असती, कारण तीच पुढे म्हणाली, "नाही म्हणा ना, काका. म्हणा, शुद्धच नव्हती. तुम्ही सांगितलं तर मी मानते."

"रोज दाढी करे," मी म्हणालो. "गाडीच्या टायमाले शर्ट बदले."

ती रडली नाही. तिने हाताने ताटलीची कड दाबून धरली.

मी उठून मागच्या पेटीकडे गेलो. घरच्या लोकांनी ती बारा भांडी दुसऱ्याच दिवशी माझ्याकडे परत आणून टाकली होती, 'हे कोणाचं नाव आहे, आमच्याकडे नको' म्हणून. मी ती एकेक करून टेबलावर मांडली. गुंड, डबा, पळी, परात, झारा. गीताने गुंडावरचं नाव वाचलं. तिच्या नावावर वेल नव्हती, फूल नव्हतं, डाग नव्हता.

"खरडलं नाही?"

"मी नाही खरडलं. आन् त्याले माहीत व्हतं."

"माहीत होतं?"

"अकरा वर्षं."

ती एकेक भांडं उचलून खालचं बारीक अक्षर वाचू लागली. पाढे म्हणायच्या त्या जुन्या सुरात नाही, नुसतं ओठांनी. वास. वासिस. वासी. वास. वासे. मग अनेकांची. शेवटी पेल्यापाशी आली. पेला तिने वाचला नाही. तिरका करून आत पाहिलं, मग तोंडाशी नेला, रिकामाच, आणि खाली ठेवला.

"खिडकीत व्हता," मी म्हणालो. "पाणी भरून."

तिने सगळी भांडी पिशव्यांत भरली. राजू येऊन गुंड उचलून घेऊन गेला, माझ्याकडे न पाहता. तिने लोटा पिशवीत टाकला. ताटली मात्र टेबलावरच राहू दिली. मला वाटलं, ही माझ्या तोंडावर टाकून जातेय, आणि ते बरोबर झालं असतं.

"यावर देणाऱ्याचं नाव नाही," ती म्हणाली.

"ते... मी कोरं ठेवलं."

"तुम्हीच सांगायचे ना, लहानपणी. भांडं द्यायचं तर नाव टाकायचं. कोणाकडून, ते कळलं पाहिजे." तिने ताटली माझ्याकडे सरकवली. "टाका."

"कोणाचं टाकू?"

चाळीस वर्षं मी हा प्रश्न विचारत आलो आहे. यावेळी तो तोंडातून निघाल्यावर मला कळलं की मी काय विचारलं.

"दिली कोणी?" गीता म्हणाली. "तुम्हीच ना? मग तुमचंच."

"गीता, पोरी, हे ताटली राहू दे. मी हे वितळवाले देतो. दुसरी देतो, बरोब्बर तारखेची."

"नको. हीच नेणार. हिच्यातच जेवेन. तुम्ही नाव टाका, मी थांबते."

मी पेन लावलं. त्याचा आवाज बोळातून बाहेर गेला, पायरीपर्यंत, पानठेल्यापर्यंत. हात कापत होता, आणि कापऱ्या हाताचं अक्षर स्टील तसंच धरून ठेवतं, त्याला दया नसते. तारखेच्या खाली, कोऱ्या जागेत, मी लिहिलं: फकिरा मेश्राम यांचेकडून.

तिने ताटली उचलली, फुंकर मारून कीस उडवला, अक्षरावरून एकदा बोट फिरवलं.

"'रा' वाकडा आला," ती म्हणाली.

"हौ," मी म्हणालो. "आता निंघत नाही."

तिने ताटली पिशवीत घातली. बोळाच्या तोंडाशी राजू भांड्यांच्या पिशव्या घेऊन उभा होता, आणि गोंदियाच्या गाडीची वेळ झाली होती.